ऐनवेळचा विषय

“ही कशी दिसते?” त्याने विचारलं, तेव्हा त्याला मी दिसतच नव्हते.

चष्म्याच्या दुकानात ही गंमत नेहमीची. नवी फ्रेम पारखायची तर जुना चष्मा उतरवावा लागतो, आणि तो उतरवला की आरशात स्वतःचं नाकही धड दिसत नाही. या गृहस्थाकडे तर उतरवायलाही काही उरलं नव्हतं. त्याचा जुना चष्मा काउंटरवर दोन तुकडे होऊन पडला होता. तो आरशाला जवळजवळ नाक टेकवून उभा होता. दुकानदार आत काचा शोधत होता, आणि मी आत्याच्या चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करून घ्यायला आले होते. दुकानात तिसरं कुणी नव्हतं, म्हणजे प्रश्न मलाच होता.

मी मान वर केली... आणि चटकन परत खाली घातली.

“बोला ना,” तो म्हणाला. “वाईट दिसत असेल तर वाईट म्हणा. हल्ली सवय झालीये मला.”

“छडीवाले मास्तर दिसता.”

“आणि ही?”

“ही घालून कुणाकडे गेलात तर ते दारातूनच सांगतील, आमचा विमा आधीच उतरवलाय.”

तो हसला. हसताना डोळे घट्ट मिटून घ्यायची त्याला सवय होती. मग त्याने चाचपडत तिसरी फ्रेम उचलली, पातळ काळ्या कडांची, जराशी गोलसर. ती नाकावर चढवून तो अंदाजाने माझ्याकडे वळला, म्हणजे माझ्यापेक्षा हातभर डावीकडे.

“ही... बरी आहे,” मी म्हणाले.

“कितपत बरी?”

“कुणी थांबवून चहा विचारावा इतपत.”

“कुणी म्हणजे?”

“दुकानदार,” मी म्हणाले, आणि आत्याचा चष्मा तसाच टाकून दुकानाबाहेर पळाले.

पळण्याला कारण होतं. मी त्याला ओळखलं होतं. त्यात काही विशेष नाही म्हणा. त्या पंधरवड्यात त्याला न ओळखणारा माणूस सापडणं मुश्कील होतं. माणसासारखी बोलणारी, लिहिणारी यंत्रं बनवणाऱ्या एका बड्या कंपनीचा तो मुख्य शास्त्रज्ञ, शिवाय संचालक मंडळातला पाचवा सभासद. त्या मंडळाने एका सकाळी खुद्द कंपनीच्या मालकालाच घरी बसवलं. सहा दिवसांत मालक वाजतगाजत परत आला. घरी बसवणाऱ्यांपैकी चौघे राजीनामे देऊन मोकळे झाले, हा एकटा राहिला. त्याची मंडळातली खुर्ची गेली, पण नोकरीवरून कुणी काढलं नाही, आणि कामही दिलं नाही. आता याचं पुढे काय होणार, हा विषय वर्तमानपत्रांपासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत सगळीकडे चघळला जात होता.

पण मी त्याला वर्तमानपत्रातून ओळखत नव्हते. ज्या खोलीत त्याने मालकाविरुद्ध हात वर केला, त्या खोलीत मी बसले होते.

मी सभांची इतिवृत्तं लिहिते. आमची एजन्सी कंपन्यांना, संघटनांना माणसं पुरवते. कोपऱ्यातल्या लहान टेबलाशी बसायचं, बोललेलं सगळं शॉर्टहँडमध्ये कच्च्या वहीत टिपायचं, आणि नंतर त्यातलं जे ठरलं तेवढंच स्वच्छ लिहून द्यायचं. अकरा वर्षं हेच करतेय. सभेत आमच्याकडे कुणी बघत नाही, आणि आम्हीही कुणाकडे बघायचं नसतं. त्यातून मी जन्माची भोचक, म्हणजे माझे काय हाल होत असतील ते तुम्हीच बघा.

त्या दिवशी चार हात एकदम वर गेले होते. पाचव्याला वेळ लागला. मी नियम मोडून त्याच्याकडे बघत मनात आकडे मोजत होते. नवावर आले तेव्हा त्याचा हात वर गेला, आणि तो थरथरत होता. हात तसाच ठेवून तो म्हणाला, “मालकांना समोर बसवून आधी विचारायला हवं होतं. माझं हे म्हणणं नोंदवून घ्या.” सभासदाने नोंदवा म्हटलं की नोंदवायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी टिपलंही. पण संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला, “ठराव आणि मतं, एवढंच लिहा. बाकी पाल्हाळ नको.” तेव्हा सत्ता त्यांच्या हातात होती. मी ते वाक्य गाळलं. कुणी त्याला चूक म्हणेल, पण खरं सांगायचं तर मी घाबरले होते.

आणि आता सगळं जग म्हणत होतं, शास्त्रज्ञाने मालकाच्या पाठीत सुरा खुपसला. मालकानेही इतिवृत्त वाचलं होतं, आणि त्यात फक्त हात होता.

पाच दिवसांनी आत्याचा चष्मा आणायला जावंच लागलं. तो काउंटरपाशी उभा होता, तीच तिसरी फ्रेम घालून. मी दुकानदाराला “झाला का हो?” म्हणाले मात्र, तो गर्रकन वळला.

“परीक्षकबाई! आवाजावरून ओळखलं.” मग त्याने मला नीट, सावकाश बघितलं. अकरा वर्षांत मला कुठल्या सभासदाने असं बघितलं नव्हतं. “मला वाटलं होतं त्यापेक्षा तुम्ही...”

“त्यापेक्षा काय?”

“हातभर उजवीकडे आहात.”

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. जमलं नाही.

“दुकानदाराने काही चहा विचारला नाही,” तो म्हणाला. “तीन वेळा आलो मी. शेवटी म्हटलं, आपणच कुणाला तरी विचारावा.”

समोरच्या कोपऱ्यावर चहाची टपरी होती, चार बाकं आणि वर पत्रा. बारीक पाऊस सुरू झाला होता आणि पत्र्यावर त्याची टिपटिप चालली होती. त्याने न विचारता साखरेची बरणी माझ्याकडे सरकवली. मी मनाशी म्हटलं, एक चहा घ्यायचा आणि उठायचं. पण कुतूहल ही वाईट खोड आहे.

“सध्या... काय करता?” मी विचारलं, जसं काही ठाऊकच नाही.

“माझं कार्ड ऑफिसच्या फाटकाला चालतं, पण लिफ्टला चालत नाही,” तो म्हणाला. “मग दिवसभर खाली सोफ्यावर बसतो. स्वागतकक्षातली मुलगी नवीन आहे. तिला वाटतं मी कुणाला तरी भेटायला आलोय. रोज विचारते, साहेब अजून खाली आले नाहीत का हो?”

“दुसरीकडून बोलावणं नाही?”

“आहे की. आमची प्रतिस्पर्धी कंपनी म्हणते, या, आणि येताना तिकडची गुपितं आठवत या. एक विद्यापीठ म्हणतं, या, पण यंत्रं आणि माणसं तुमची तुम्ही आणा. आणि एक धनाढ्य बाई म्हणतात, काय हवं ते काढा, पैसा माझा, फक्त आठ महिन्यांत जग थक्क झालं पाहिजे.”

“मग?”

“मग मी सोफ्यावर बसतो.”

“पण का?”

त्याने कपाच्या कडेवरून माझ्याकडे बघितलं. “तुम्ही फार प्रश्न विचारता हो.”

“भोचक आहे मी. आधीच सांगून ठेवते.”

“नाही, विचारा. बाकीचे सगळे मला उत्तरं सांगायला येतात.” त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. “वर माझी माणसं आहेत, म्हणून बसतो. आम्ही यंत्राला एकच गोष्ट शिकवत होतो. जे ठाऊक नाही तिथे सरळ ‘मला माहीत नाही’ म्हणायचं, थापा मारायच्या नाहीत. मालक म्हणायचे, गिऱ्हाईक ‘माहीत नाही’ विकत घ्यायला येत नाही. तिथून वाजलं आमचं. आणि तुम्ही काय करता?”

“लोक बोलतात ते लिहून घेते.”

त्याचा चेहरा उतरला. “पत्रकार?”

“छे हो! संस्थांच्या सभा वगैरे...” मी म्हणाले. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि तो चहा मला कडू लागला.

तो मंगळवार होता. पुढचा मंगळवारही तसाच गेला, आणि त्याच्या पुढचाही. तो मला सोफ्यावरच्या गमती सांगायचा. मी त्याला नावं न घेता सभांमधली भांडणं सांगायचे. त्याला रस्ता ओलांडताना बोलायची सवय होती, त्यामुळे त्याच्या कोपराला धरून मागे ओढायचं काम माझ्याकडे आलं. ओढून झाल्यावर कोपर लगेच सोडायला हवं... पुढे पुढे ते माझ्या लक्षात राहत नसे. एकदा त्याने माझ्या बोटावरचा शाईचा डाग बघून आपला रुमाल पुढे केला. मी घरी आले ती रुमाल घेऊनच, आणि तो परत करायचं आठ दिवस विसरले. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि मला या गोष्टीची फार भीती वाटत होती.

माझी आत्या म्हणजे माझं सगळं घर. आई-वडील लवकर गेले, तिने वाढवलं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात तिची नोकरी गेली, तेव्हा भोचकपणा माझ्यात कुठून आला ते कळेल. तिचा गुडघा दुखावला म्हणून मी एका मंगळवारी जाणार नव्हते. तर हा पठ्ठ्या पत्ता विचारत संत्री घेऊन थेट घरी.

“हे माझे... चष्म्याच्या दुकानातले ओळखीचे,” मी म्हणाले.

आत्याने त्याला बसवलं, आणि वर्तमानपत्र फडकावून लगेच तिचा आवडता विषय काढला. “बघा, त्या शास्त्रज्ञाचं अजून लोंबकळतंच आहे! पाण्यात राहून माशाशी वैर करू नये माणसाने. तुम्हाला काय वाटतं?”

मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते. पण त्याला मजा येत होती.

“मला वाटतं, त्याला काही सुचत नसावं,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

“न सुचायला काय झालं? सरळ माफी मागावी आणि कामाला लागावं. नाहीतर शिकवण्या घ्याव्यात. गणिताला मरण नाही.”

“शिकवण्यांचं त्याच्या डोक्यात आलं नसेल.”

“हुशार माणसांचं असंच. तुमचं काय चालतं?”

“सध्या बसून असतो.”

“बसून खाल्लं तर डोंगर पुरत नाही,” आत्या म्हणाली, आणि त्याला दोन संत्री सोलून दिली.

तो जाताना जिन्यात थांबला. “तुमच्या आत्या मला फार आवडल्या,” तो म्हणाला. मग जरा घुटमळून, “तुमच्या घरातल्या सगळ्यांबद्दल माझं तेच मत आहे,” असं म्हणून भराभर खाली उतरला. घरात आम्ही दोघीच राहतो, हे त्याला ठाऊक होतं. मी आत आले ती तापलेले कान घेऊन.

“तोच ना गं तो?” आत्या म्हणाली.

“कोण तो?”

“रेडिओवर मुलाखत ऐकली होती मी त्याची. आवाज ओळखण्यावर माझी पेन्शन चालते.” तिने पेपर घडी करून ठेवला. “आणि ज्या दिवशी त्या मालकाला काढलं, त्या दिवशी तू न जेवता झोपलीस. मी विचारलं नाही, तुझ्या कामाची गुपितं तुझ्यापाशी. पण तू तिथे होतीस हे त्याला सांगितलंयस का?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“मग तू त्याच्याकडे बघून हसतेस कशी?” आत्या म्हणाली. ती रागावली नव्हती, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

दुसऱ्याच दिवशी एजन्सीकडून निरोप आला. पुढच्या आठवड्यात गुरुवारी त्या कंपनीची सभा, लेखनाला मीच. मालक परत आल्यापासून मंडळाची सभाच झाली नव्हती, त्यामुळे पहिला विषय ठरलेला होता: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. एकदा कायम झालं की त्यात काना-मात्राही बदलत नाही, आणि माझी कच्ची वही फाडून टाकायची. म्हणजे त्याचं ते वाक्य परत आणायचं तर गुरुवारीच. आणलं तर मी अकरा वर्षांत पहिल्यांदा घाबरून खोटं इतिवृत्त दिलं हे उघड होणार, आणि त्यालाही कळणार की मी कोण. नाही आणलं तर तो जन्मभर पाठीत सुरा खुपसणारा राहणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी मंगळवारची वाट बघितली नाही. त्याला बसस्टॉपवर बोलावलं आणि सगळं सांगितलं. सुरुवातीपासून, अध्यक्षबाईंच्या फोनसकट.

पावसाची भुरभुर होती आणि त्याच्या काचांवर थेंब जमले होते. त्याने ते पुसले नाहीत.

“म्हणजे दुकानात तुम्ही मला ओळखलं होतं.”

“हो.”

“नऊ आठवडे... मला वाटत होतं, जगात एक माणूस असं आहे की ज्याला माझ्या त्या हाताबद्दल काही ठाऊक नाही. ज्याच्यासमोर मी नुसता चष्मा मोडलेला माणूस आहे.”

“मला माफ करा. गुरुवारी मी दुरुस्ती करणार आहे.”

“नका करू. मला नको ते वाक्य. हात वर केला तो केला. आता तळटीप लावून काय होणार?”

“ती तुमच्यासाठी नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा चढला. “तुम्ही बोललात आणि मी लिहिलं नाही. ते निस्तरणं माझं काम आहे.”

त्याची बस आली. तो पायरीवर चढला तेव्हा मी भोचकपणाने, की हट्टाने, विचारलंच, “मी नऊपर्यंत मोजलं होतं. तेवढ्या वेळात तुम्ही काय विचार करत होतात?” त्याने वळून बघितलं. दार बंद झालं, आणि बस गेली.

गुरुवारी खोली तीच होती, माणसं बदलली होती. मालक टेबलाच्या टोकाला बसला होता. “मागच्या सभेचं इतिवृत्त सगळ्यांनी वाचलंय. कायम?” त्याने विचारलं.

“दुरुस्ती आहे,” मी म्हणाले.

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. आवाज कुठून आला तेच त्यांना कळलं नाही. मी उभी राहिले आणि कच्च्या वहीतून ते वाक्य वाचलं. मग म्हणाले, “हे नोंदवायला सांगितलं होतं आणि मी गाळलं. चूक माझी आहे. आणखी एक. ज्यांचं वाक्य आहे त्यांना मी आता ओळखते. दुरुस्तीशी त्याचा संबंध नाही, पण तुम्हाला ठाऊक असावं.”

मालकाने बोटांनी टेबलावर ताल धरला. “मला आधी विचारायला हवं होतं... असं म्हणाला तो?”

“अक्षरशः.”

“किती चांगलं ओळखता त्याला?”

इतक्या माणसांसमोर हा प्रश्न! पण मी खोटं लिहून बघितलं होतं, आणि त्याची चव मला पुरली होती. “माझं त्यांच्यावर प्रेम आहे,” मी म्हणाले. “त्यांना ठाऊक नाही. हे मात्र नोंदवू नका.”

दुरुस्तीसह इतिवृत्त कायम झालं. संध्याकाळी आमच्या मॅनेजरने मला बोलावून शांतपणे सांगितलं की, यापुढे कंपन्यांच्या सभा बंद. रहिवासी संघांच्या वार्षिक सभा असतात, त्या घ्या. पगारात फरक होता, आणि भांडणांतही. रहिवासी जास्त मनापासून भांडतात.

त्याचा काही निरोप नाही. मंगळवारी मी टपरीवर एकटीने चहा घेतला. आत्या रोज पेपर वाचून दाखवायची: मालकाने त्याला जेवायला बोलावलं म्हणे. त्याच्यासाठी अख्खा मजला रिकामा करतायत म्हणे. “जाणारच तो परत,” ती म्हणाली, आणि मग माझं तोंड बघून, “जाईना का, आपल्याला काय,” असं म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता, मी दुरुस्ती केली ती वाया गेली नव्हती. मी आंघोळीला जाऊन नळ सोडून रडले.

पुढच्या रविवारी सकाळी एका रहिवासी संघाच्या सभेला बसले होते. तळमजल्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, अध्यक्ष एक निवृत्त दंतवैद्य. पाण्याच्या पंपावर तास गेला. पार्किंगवर दीड. एक टक्कल पडलेले काका प्रत्येक ठरावाला विरोध नोंदवत होते. मी मान खाली घालून लिहीत होते, तेवढ्यात दंतवैद्य म्हणाले, “शेवटचा विषय. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. कुणाचं काही?... ते मागे उभे आहेत ते कोण? कुठला फ्लॅट आपला?”

“माझा इथे फ्लॅट नाही,” ओळखीचा आवाज म्हणाला. “मला बाईंशी बोलायचंय. त्यांच्या आत्यांनी इथला पत्ता दिला. सभा संपेपर्यंत बाहेर थांबतो.”

माझं पेन कागदावर तसंच राहिलं.

“बाहेर कशाला?” पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या. त्या अडीच तास झोपलेल्या होत्या. आता टक्क जाग्या झाल्या. “ऐनवेळचाच विषय चाललाय ना? घ्या की!”

हॉलमध्ये भोचक माणूस मी एकटीच नव्हते. चाळीस माना वळल्या. तो पुढे आला, दंतवैद्यांकडे बघून नमस्कार केला, आणि मग सगळं विसरून माझ्याशीच बोलायला लागला.

“मालकांनी लिफ्ट सुरू करतो म्हणून सांगितलं. पद वरचं, माणसं दुप्पट. फक्त मी सगळ्यांसमोर म्हणायचं, की मनातून मी त्यांच्याच बाजूचा होतो, हात दबावाने वर गेला. तुम्ही वाचून दाखवलेलं वाक्य पुरावा म्हणून जोडणार होते.”

“मग?”

“नाही म्हणालो. वाक्य माझं होतं, तसा हातही माझाच होता. पण ते वाक्य कागदावर आल्यावर नाही म्हणायला बळ आलं. त्याआधी मला वाटायचं, मी सोफ्यावर बसतोय ती माझी शिक्षाच आहे.” त्याने श्वास घेतला. “राजीनामा दिला. विद्यापीठाला हो म्हटलंय. पगार तिथे निम्म्याहून कमी, यंत्रं जुनी, पण माझी चार माणसं बरोबर आली. इथून बसने चाळीस मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून मोजली.”

“चाळीस नाही, पन्नास,” टक्कलवाले काका म्हणाले. त्यांना सगळ्यांनी गप्प केलं.

“त्या दिवशी बसमध्ये चढलो, ते चुकलं माझं,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुम्ही विचारलं होतंत, मी काय विचार करत होतो. मी वाट बघत होतो... कुणीतरी मला थांबवेल याची. त्या खोलीत माझ्याकडे बघणारं कुणीच नाही असं वाटलं होतं. आणि तुम्ही मोजत होतात.”

माझ्या डोळ्यांपुढे वही धूसर झाली. त्याने खिशात रुमाल शोधला, सापडला नाही, हात मोकळेच बाहेर आले.

“पुढे माझं काय होईल मला माहीत नाही. वर्षभरात विद्यापीठही कंटाळेल कदाचित. पण... तुम्ही मालकांसमोर जे नोंदवू नका म्हणालात, ते त्यांनी मला फोनवर पहिल्याच वाक्यात सांगितलं. तेवढ्यासाठी मी त्यांना सगळं माफ केलंय. माझ्याशी लग्न कराल?”

“सूचक झाले!” आजी ओरडल्या. “अनुमोदक मी!”

“विरोधात कुणी?” दंतवैद्यांनी सवयीने विचारलं आणि चाळीस जणांनी टक्कलवाल्या काकांकडे बघितलं. काकांनी हाताची घडी घातली आणि छताकडे पाहिलं.

मी उठले. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, इतकी जवळ की चष्म्याशिवायही दिसले असते.

“एक अट आहे,” मी म्हणाले. “रागावलात तर बसमध्ये चढायचं नाही. उभं राहून भांडायचं. मला गप्प बसणारा माणूस सहन होत नाही. तेरा दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक.”

“कबूल.”

“आणि तुम्ही मला फार आवडता. पहिल्यापासून. हे मी कधीच सांगायला हवं होतं.”

“म्हणजे... हो?”

“हो,” मी म्हणाले, आणि त्याने सगळ्या रहिवाशांदेखत माझा हात धरला. या वेळी त्याचा थरथरत नव्हता. माझा थरथरत होता.

टाळ्या वाजल्या, खुर्च्या सरकल्या, आजी पगार नक्की किती म्हणून विचारायला लागल्या. दंतवैद्य टेबलावर हात आपटून शांत राहा, शांत राहा म्हणत होते. शेवटी त्यांनी माझी उघडी पडलेली वही उचलून माझ्यापुढे धरली.

“बाई, हे सगळं इतिवृत्तात कसं घ्यायचं?”

“ते तुम्ही कुणीतरी लिहून घ्या,” मी म्हणाले. “मला आत्ता अजिबात वेळ नाही.”